घरातल्या माणसाने जागेचा शब्द दिलाय? तो कागदावर कसा आणायचा

नात्यात जागेचं बोलणं झालं की बहुतेक घरांत कागद होत नाही. सख्ख्या भावाकडे स्टॅम्प मागायचा कसा, आईला सही कर म्हणायचं कसं, या संकोचात वर्षं जातात. शब्द देणारा माणूस असेपर्यंत सगळं नीट चालतं. तो गेला की वारस नोंदीला सातबाऱ्यावर सात-आठ नावं चढतात, आणि त्यांतल्या कुणीच तो शब्द दिलेला नसतो. म्हणून हा विषय विश्वासाचा धरू नये. शब्द देणारा हयात आहे, त्याची प्रकृती चांगली आहे आणि घरात बोलणं गोड आहे, तेव्हाच योग्य कागद करून घ्यावा. कागदाचे प्रकार अनेक आहेत. चुकीचा प्रकार निवडला तर सही, अंगठा, पंच सगळं असूनही तो टिकत नाही.

घरातला शब्द कायद्यात का टिकत नाही

१९१९ च्या बाल्फोर विरुद्ध बाल्फोर या इंग्लंडमधल्या खटल्यात, नवऱ्याने बायकोला दरमहा ३० पौंड देण्याचं कबूल केलं होतं. घरातलं असं बोलणं करार होत नाही, असा निकाल लागला. आपल्याकडे भारतीय करार कायदा, १८७२ आहे. मोबदल्याशिवाय केलेला करार रद्दबातल, असं त्याचं कलम २५ सांगतं आणि त्याला मोजके अपवाद देतं. पहिला अपवाद जवळच्या नातेवाइकांमधल्या प्रेमापोटी केलेल्या कराराचा, पण तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. दुसरा, पूर्वी स्वखुशीने केलेल्या सेवेची भरपाई देण्याच्या वचनाचा. तिसरा, मुदतबाह्य झालेलं कर्ज फेडण्याच्या लेखी आणि सही केलेल्या वचनाचा.

पहिल्या अपवादात एक बारकावा आहे. १९०० साली कलकत्त्याच्या राजलखी दाबी प्रकरणात नवऱ्याने बायकोला पोटगी आणि राहायची सोय लिहून दिली होती, दस्त नोंदणीकृतही होता. पण त्याच दस्तात दोघांच्या भांडणांचं वर्णन होतं, त्यामुळे हा करार प्रेमापोटी झालाच नाही, असं कोर्टाने धरलं. प्रेमापोटी देत असाल तर प्रस्तावनेत जुनी भांडणं लिहू नका. आणि भांडण मिटवण्यासाठीच लिहीत असाल, तर तो कौटुंबिक तडजोडीचा वेगळा लेख आहे. त्याची रीत पुढे दिली आहे.

आधी बघा, देणाऱ्याला देता येतं का

हे काम टाळलं की बाकीचा खर्च पाण्यात जातो. शेतजमीन असेल तर सातबारा, ८अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा) आणि मागचे फेरफार (नावबदलाच्या नोंदी) काढा. नुसता आजचा सातबारा पुरत नाही, कारण जमीन घरात कशी आली ते फेरफारात कळतं. शहरात मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा आणि सिटी सर्व्हे नंबर, वॉर्ड, क्षेत्र जुळवून बघा. महापालिकेच्या घरफाळ्याच्या पावतीवर नाव आहे म्हणून कुणी मालक होत नाही. घरफाळा भरणारा आणि मालक वेगळे असण्याची उदाहरणं कोल्हापुरातल्या शिवाजी पेठ, मंगळवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत भरपूर सापडतील.

मग प्रश्न येतो, मिळकत स्वकष्टार्जित की वडिलोपार्जित? इथे गैरसमज फार आहे. आजोबांकडून आली म्हणजे वडिलोपार्जित, असं सरसकट धरलं जातं. आजोबांची जमीन स्वतःची असेल, ते १९५६ नंतर मृत्युपत्र न करता वारले असतील आणि जमीन हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ ने वडिलांकडे आली असेल, तर वडिलांच्या वाट्याचा हिस्सा त्यांचा स्वतंत्र असतो आणि तो ते कुणालाही देऊ शकतात. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीचं तसं नाही. तिथला अविभक्त हिस्सा आपल्याकडे मोबदला घेऊन विकता येतो, पण इतर सहहिस्सेदारांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही. म्हणून थोरल्याने आपला अविभक्त हिस्सा धाकट्याला द्यायचा असेल तर बक्षीसपत्राच्या नादी लागू नये. आधी वाटप करावं किंवा हक्कसोड करावं.

मुलींचा हक्क धरूनच पुढे जायचं. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्माने सहदायाद (एकत्र मिळकतीत मुलासारखीच हिस्सेदार) झाली आणि त्यासाठी त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली वाटणी अबाधित राहते, पण ती नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली हवी. तोंडी वाटणी झाली होती, असं सांगून बहिणीला बाहेर ठेवणं आता फार अवघड आहे.

बहिणींच्या बाबतीत हमखास होणारी एक चूक. लग्नाच्या वेळी किंवा वडील हयात असताना "मला वडिलांच्या मिळकतीत काही नको" असं स्टॅम्पवर लिहून घेतात. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीबाबत त्या कागदाला किंमत नाही. उद्या वारस होण्याची नुसती आशा हस्तांतरित करता येत नाही, असं मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ६ मध्ये आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मात्र तिचा हक्क आजच अस्तित्वात असतो, तो ती नोंदणीकृत दस्ताने सोडू शकते.

कोल्हापूर जिल्ह्यात आणखी तीन गोष्टी तपासाव्याच लागतात. पहिली, सातबाऱ्यावरचा भूधारणा प्रकार. वर्ग २ (सरकारी निर्बंध असलेली जमीन) असेल तर परवानगीशिवाय हस्तांतरण होत नाही आणि देवस्थान इनाम जमीन घरातल्या घरात 'नावावर करून देतो' म्हणण्यासारखी नसतेच. दुसरी, सातबाऱ्याच्या इतर हक्काच्या रकान्यात विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा. ऊसपिकाच्या कर्जाचा बोजा राहिला तर जमीन घेणाऱ्याकडे त्या बोजासकट येते. तिसरी, तुकडेबंदी. "विहिरीकडचे तीन गुंठे तुला" हा शब्द शेतजमिनीत बऱ्याचदा दस्ताच्या टेबलावर अडतो, कारण प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडता येत नाही. घेणारा शेतकरी नसेल तर कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. जावयाला किंवा दूरच्या भाच्याला शेत देण्याआधी हे बघा.

(हे सगळं हिंदू, जैन, बौद्ध आणि शीख कुटुंबांबद्दल. मुस्लिम कुटुंबांत ताबा दिलेला तोंडी हिबाही (बक्षीसही) चालतो आणि मृत्युपत्राने साधारणपणे एक तृतीयांशापर्यंतच मिळकत देता येते. तिथे त्या कायद्याच्या जाणकाराकडूनच कागद करून घ्या.)

कोणत्या शब्दाला कोणता कागद

*आजच द्यायचं, पैसे न घेता.* यासाठी बक्षीसपत्र. नोंदणीकृत हवं, देणाऱ्याची सही, किमान दोन साक्षीदार, आणि घेणाऱ्याने देणारा हयात असतानाच स्वीकारलेलं असावं. स्वीकाराचं वाक्य आणि घेणाऱ्याची सही दस्तातच घ्या, ते राहिलं की पुढे वाद उभा राहतो. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मयत मुलाच्या पत्नीला निवासी घर अथवा शेतजमीन देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. दुकानगाळ्याला ही सवलत नाही. भावा-बहिणीला बक्षीस द्यायचं तर बाजारमूल्यावर ३ टक्के. नोंदणी फी आणि स्थानिक संस्थेचा अधिभार वेगळा लागू शकतो, तो आकडा दस्त लिहिण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयातून काढून घ्या.

*सांभाळ करशील तर घर तुझं.* यातच म्हातारी माणसं सर्वांत जास्त फसतात, म्हणून इथे थांबून नीट वाचा. बिनशर्त बक्षीसपत्र झालं की मुलगा बघत नाही, एवढ्या कारणाने ते परत घेता येत नाही. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ प्रमाणे, सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत अट मोडल्यास परत मिळू शकते. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. पण अट असल्याचं दाखवावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात सांगितलं. २०२५ च्या ऊर्मिला दीक्षित निकालात ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावून ताबा परत देण्यापर्यंत न्यायालय गेलं, तरी तिथेही सांभाळाचं लेखी होतंच. म्हणून अट दस्तातच, ठळक आणि मोजता येईल अशी लिहा:

"बक्षीस घेणार यांनी बक्षीस देणार यांचा हयातभर सांभाळ करावयाचा आहे. देणार यांना सदर घरातील पूर्वेकडील खोली, स्वयंपाकघर व संडास-बाथरूम यांचा वापर हयातभर राहील. दोन वेळचे जेवण, औषधोपचार व दवाखान्याचा खर्च घेणार यांनी करावयाचा असून दरमहा रुपये ______ देणार यांचे बँक खात्यावर जमा करावयाचे आहेत. यात कसूर झाल्यास प्रस्तुत बक्षीसपत्र रद्द होण्यास पात्र राहील."

"प्रेमाने सांभाळ करावा" एवढंच लिहिलं तर कसूर झाली की नाही यावरच दोन वर्षं भांडण चालतं. खोली, रक्कम, खातं लिहिलं की पासबुक हाच पुरावा. "देणार यांच्या मर्जीने केव्हाही रद्द" असं मात्र लिहू नका, नुसत्या मर्जीवर रद्द होणारं बक्षीस कायदा मानत नाही.

आमचं स्पष्ट मत आहे की आई-वडिलांनी राहतं एकमेव घर हयातीत देऊच नये. त्यासाठी मृत्युपत्र आहे.

*माझ्या मागे तुला.* मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं, त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे आणि कोल्हापुरात प्रोबेट (मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब) सक्तीचं नाही. दोन साक्षीदारांनी करणाऱ्याला सही करताना बघायचं आणि करणाऱ्याच्या समोर आपल्या सह्या करायच्या. साक्षीदार करणाऱ्यापेक्षा वयाने लहान, ओळखीचे आणि लाभ न मिळणारे निवडा, कारण पुढे कोर्टात किमान एकाला उभं राहावं लागतं. त्याच तारखेचा डॉक्टरांचा दाखला जोडा. ज्याला घर मिळणार त्यानेच वकील आणला, त्यानेच मसुदा सांगितला, तोच गाडीत घालून घेऊन गेला, असं दिसलं की मृत्युपत्र संशयात येतं. एखाद्या वारसाला काही देत नसाल तर त्याचं कारण एका वाक्यात लिहा. आणि लक्षात असू द्या, मृत्युपत्र करणारा ते कधीही बदलू शकतो. घेणाऱ्याला आज काहीच हक्क मिळत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर दुसऱ्याच्या जागेत पैसे घालू नका. फ्लॅटचा किंवा खात्याचा नॉमिनी म्हणजेही मालक नव्हे.

*मी माझा हिस्सा सोडते.* नोंदणीकृत हक्कसोडपत्र. नोटरीकडे केलेलं हक्कसोड हा या जिल्ह्यात सर्वांत जास्त दिसणारा निरुपयोगी कागद आहे. नोटरी फक्त सही कुणाची ते सांगतो, हक्क हलवत नाही. वडिलोपार्जित मिळकतीत भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी अशा जवळच्या नात्यात मुद्रांक नाममात्र आहे, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये. पैसे वाचवण्यासाठी नोटरीचा रस्ता धरण्याचं कारणच उरत नाही. कुणाच्या लाभात सोडते आहे ते नावानिशी लिहा. आणि बहिणीला त्या बदल्यात पैसे देणार असाल, तर ती रक्कम, चेक नंबर लपवू नका. पैसे दिले, कागदात 'विनामोबदला' लिहिलं, हे पुढे दोन्ही बाजूंना अडचणीचं होतं.

*भावाला विकतो, थोडे पैसे आत्ता, बाकीचे ऊसबिल आल्यावर.* हा खरा करार आहे, त्याला संचकारपत्र किंवा साठेखत करा. ठरलेली किंमत, दिलेली रक्कम, बाकी, खरेदीची तारीख, चतुःसीमा लिहा आणि नोंदणी करा. ताबा घेतला असेल तर नोंदणी नसलेल्या साठेखताने तो वाचवता येत नाही. व्यवहार बँकेतून करा, जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही. ठरलेली तारीख उलटून गेली की करार पुरा करून मागण्याचा दावा ३ वर्षांत दाखल व्हायला हवा. "भाऊच आहे, देईल की" म्हणत तो काळ निघून जातो. साठेखताने मालकीही येत नाही, खरेदीखतानेच येते.

*पैसे माझे, नाव त्याचं.* नोकरीसाठी बाहेर असलेला भाऊ इथल्या भावाच्या एकट्याच्या नावावर प्लॉट घेतो. असे व्यवहार रोखणाऱ्या बेनामी कायद्यात पत्नी किंवा मुलांच्या नावावर ज्ञात उत्पन्नातून घेतलेल्या मिळकतीला सूट आहे. भाऊ, बहीण, आई-वडील यांच्या बाबतीत मात्र दस्तात आपलंही नाव जोडमालक म्हणून असलं तरच. खरेदीखतातच दोघांची नावं आणि हिस्से घाला, नंतर दुरुस्त करायला जाऊ नका.

*माझ्या प्लॉटवर तू बांध.* थोरल्याच्या जागेत धाकट्याने स्लॅबचं घर बांधलं तर जागा धाकट्याची होत नाही. पण सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ६० प्रमाणे, परवानगीवर विसंबून कायमचं बांधकाम केलं आणि खर्च केला तर ती परवानगी मागे घेता येत नाही. हा आधार राहण्याचा आहे, मालकीचा नाही. म्हणून बांधण्याआधी प्लॉटचा भाग बक्षीस किंवा खरेदी करून घ्या. ते जमत नसेल तर निदान लेखी परवानगी, स्वतःच्या नावाची सिमेंट-सळईची बिलं आणि मिस्त्रीला बँकेतून दिलेले पैसे ठेवा.

सगळ्यांनी मिळून मिटवायचं असेल

कौटुंबिक तडजोड तोंडीही होऊ शकते, हे काले विरुद्ध उपसंचालक या १९७६ च्या निकालापासून पक्कं आहे. पण लेख कसा लिहिता यावर सगळं ठरतं. "आम्हा भावा-बहिणींत दि. ____ रोजी पंचांसमक्ष वाटप झाले असून, आपापल्या हिश्श्याचा ताबा घेतला आहे. आठवणीसाठी हा लेख" हे झालेल्या गोष्टीचं टिपण, त्याला नोंदणी लागत नाही. "या लेखान्वये आम्ही वाटप करीत आहोत" म्हटलं की तोच कागद हक्क निर्माण करतो आणि नोंदणी नसेल तर पुराव्यात धरला जात नाही. फी वाचवायला खोटी मागची तारीख टाकू नका. मुद्रांक विक्रेत्याच्या नोंदीत खरेदीची तारीख असते, शिवाय विकत घेतलेला मुद्रांक ६ महिन्यांत वापरावा लागतो. आमचा सल्ला सरळ वाटपपत्र नोंदवण्याचा. शेतजमिनीच्या वाटपपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२५ मध्ये घेतला आहे. तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खालीही वाटपाचा अर्ज करता येतो, मात्र सगळ्या सहधारकांची संमती हवी.

अज्ञान (१८ वर्षांखालचा) वारस असेल तर सावध. त्याच्या स्वतंत्र मिळकतीचा हक्क आई किंवा वडील कोर्टाच्या परवानगीशिवाय सोडू शकत नाहीत.

नोंदणीच्या दिवशी आणि नंतर

सही झाल्यापासून ४ महिन्यांत दस्त नोंदणीला सादर करायचा, उशीर झाला तर दंड भरून आणखी ४ महिने मिळू शकतात. आधी ऑनलाइन डेटा एन्ट्री, चलनाने मुद्रांक आणि फी. मग मूळ आधार, पॅन, अलीकडचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि ओळख देणारे दोन माणसं. देणारा अंथरुणाला खिळला असेल तर डॉक्टरांच्या दाखल्यासह गृहभेटीचा अर्ज करा, अधिकारी घरी येऊन नोंदणी करतात. माणसाला उचलून कार्यालयात नेण्याची गरज नाही.

नोंदणी झाली, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा उतारा) मिळाली, म्हणून थांबू नका. गावात फेरफार, शहरात सिटी सर्व्हेत मिळकत पत्रिकेवर नाव आणि महापालिकेत घरफाळा ही तिन्ही कामं वेगवेगळी आहेत. तलाठ्याची नोटीस निघाल्यावर हरकतीला १५ दिवस असतात, ते झाल्यावर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात.

शब्द देणारा कागद न करताच गेला असेल, तर वारस नोंदीच्या नोटिशीतले हेच १५ दिवस तुमच्या हातात असतात. लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. नोंदीने मालकी ठरत नाही, ती दिवाणी कोर्टच ठरवतं, पण हरकतीने जागा घाईघाईने पुढे विकली जाण्याला अडसर बसतो. जोडीला बँकेचे उतारे, मेसेज, बिलं, त्या वेळी हजर असलेल्यांची नावं एकत्र करा. उसने दिलेले पैसे असतील तर ३ वर्षांची मुदत मोजा. ती संपण्याआधी समोरच्याने सहीनिशी कबुली दिली तर मुदत नव्याने सुरू होते. वारस समजूतदार असतील तर दावा दाखल करून लोकअदालतीत तडजोड करा. तो निवाडा हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील नसतं आणि कोर्ट फी परत मिळते. नाहीच जमलं तर कसबा बावड्याच्या रस्त्यावर जिल्हा न्यायालय आहे, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू असल्याने पुढच्या अपिलासाठी मुंबईच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत.